वाड्याचं तिकीट आणि मोकळं रान

रोहित शर्माने माती तोंडात टाकली तेव्हा मी बार्बाडोस बेटावरच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानातच होतो, पण ते मला दिसलं नाही. भोवतालचे सगळे उभे राहून नाचत होते आणि भाचा जवळजवळ माझ्या खांद्यावर चढला होता. रात्री हॉटेलवर परतल्यावर मोबाइलवर पाहिलं. टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून झालंय, आपला कप्तान खेळपट्टीपाशी येतो, खाली वाकतो, चिमूटभर उचलतो आणि तोंडात घालतो. 29 जून 2024. तो व्हिडिओ तुम्हीही दहादा पाहिला असेल. मला मात्र तो पाहताना त्याच बेटावरची, तिथून दहा-बारा किलोमीटरवरची दुसरी माती आठवत राहिली. आदल्या दिवशी तिच्या कडेला मी बराच वेळ उभा होतो. आत पाऊल टाकावं की नाही, चपला काढाव्यात की नाही, काही सुचत नव्हतं.

जागेचं नाव न्यूटन. बार्बाडोसच्या दक्षिणेला, ख्राइस्ट चर्च भागात, सतराव्या शतकात सॅम्युएल न्यूटन नावाच्या इंग्रजाने इथे उसाचा मळा उभा केला. मळ्याच्या एका उतारावर चुनखडकावर मातीचा जेमतेम थर आहे, तिथे ऊस धरत नाही. म्हणून ती जागा गुलामांना पुरण्यासाठी सुटली. साधारण 1660 पासून 1820 पर्यंत तिथे माणसं पुरली गेली, अंदाजे 570. एकाही थडग्यावर दगड नाही. 1970 च्या दशकात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग या संशोधकांनी इथे उत्खनन केलं, शंभराच्या आसपास सांगाडे तपासले, आणि तेव्हापासून हे रान अभ्यासकांच्या जगात प्रसिद्ध आहे. पर्यटकांच्या जगात नाही. तिथे आज गवत आहे, कुठे कुठे जमीन किंचित फुगलेली आहे, एक माहितीफलक आहे आणि पलीकडे ऊस.

भाच्याने गाडीतून उतरून चौफेर नजर फिरवली. तो टोरांटोला असतो, सामन्याची तिकिटं त्यानेच काढली होती, त्यामुळे त्याच्या वेळेवर माझा फारसा हक्क नव्हता. म्हणाला, "मामा, इथे तर काहीच नाहीये." टॅक्सीवाला गाडीला टेकून उभा होता. पाहुणे जुन्या मळेवाल्यांचे वाडे मागतात, हॅरिसन गुहा मागतात, समुद्र मागतात, असं तो येतानाच म्हणाला होता. न्यूटन मागणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतं.

या 'काहीच नाहीये'शी माझं भांडण आहे. बार्बाडोसमध्ये ऐतिहासिक स्थळं पाहायला जाणाऱ्याने आधी हे रान पाहावं आणि मग वाडे, असं माझं म्हणणं आहे. त्याहून पुढे जाऊन सांगतो: मळेवाल्याच्या वाड्याचं तिकीट रानाशिवाय विकलंच जाऊ नये. एकाच तिकिटावर दोन्ही, आणि क्रम हाच.

हे जरा आगाऊपणाचं वाटेल. बेट त्यांचं, वाडे त्यांचे, पोट त्यांचं. साधारण मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढी जमीन, पावणेतीन-तीन लाखांची वस्ती, आणि मिळकतीचा मोठा भाग परदेशी पाहुण्यांवर. तिथे चार दिवस मॅच पाहायला गेलेल्याने तिकिटं कशी विकावीत हे शिकवायचं? म्हणून आधी त्या रानात काय सापडलं ते सांगतो.

एका थडग्यात एक म्हातारा माणूस होता. सतराव्या शतकाच्या शेवटी किंवा अठराव्याच्या सुरुवातीला पुरलेला. अंगावर तांब्याची कडी, जवळ लोखंडी सुरी, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टकडची मातीची चिलीम. गळ्यात माळ. त्या माळेत कुत्र्याचे भोक पाडलेले सुळे होते, माशाच्या मणक्याचे मणी होते, युरोपात बनलेले काचेचे मणी होते, कवड्या होत्या आणि एक मोठा तांबूस मणी होता, अकीकाचा. संशोधकांच्या मते हा मणी बहुधा आपल्या खंबायतचा. तो माणूस वैदू किंवा देवऋषी असावा आणि त्याच्या लोकांनी त्याला मानाने पुरलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

खंबायतचा अकीक! गुजरातच्या खाणीतला दगड, खंबायतच्या कारागिराने घासून, भोक पाडून मणी केला; तो कितीतरी हात बदलत अखेर अटलांटिकच्या पलीकडे एका गुलामाच्या गळ्यात गेला आणि त्याच्याबरोबर जमिनीत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मण्यापाशीच अडकलो होतो. न्यूटनच्या कडेला उभा राहिल्यावर मात्र कवड्या जास्त बोचल्या. आपल्याकडे कवड्यांची माळ म्हणजे तुळजाभवानी. आराध्यांच्या गळ्यात, भुत्यांच्या गळ्यात, परडीत. आणि आपल्याच भाषेत कवडीमोल, फुटकी कवडी हे शब्दही आहेत, कारण कवडी हे चलन होतं. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या डच आणि इंग्रज कंपन्या जहाजं भरभरून युरोपात नेत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे त्या मोजून माणसं विकत घेत. कवडीमोलाने माणूस विकला गेला, हे तिथे अलंकारिक वाक्य नाही, हिशेबाच्या वहीतली नोंद आहे. ज्या वस्तूने माणसं विकत घेतली जात, तीच वस्तू त्याच माणसांतल्या एकाने देवाची म्हणून गळ्यात घातली. हे एका माळेत दिसतं. कुठल्याही वाड्याच्या दिवाणखान्यात इतका इतिहास इतक्या कमी जागेत मांडलेला नसेल.

दुसऱ्या एका थडग्यात एक तरुण बाई पालथी पुरलेली सापडली. शवपेटी नाही, सोबत एकही वस्तू नाही, पण वर मातीचा मोठा उंचवटा. लोक तिला घाबरत असावेत, चेटकीण समजत असावेत, असं संशोधक म्हणतात. आणि सगळ्याच सांगाड्यांबद्दलची दोन निरीक्षणं. दातांवर आडव्या रेघा: बालपणी उपासमार झाली, वाढ थांबली, त्याची खूण. आणि हाडांत शिसं, भरपूर. ते कुठून आलं? बऱ्याच अंशी रममधून, जी शिशाचे भाग असलेल्या भट्ट्यांतून गाळली जायची आणि गुलामांना दिली जायची.

हे माहीत असलेला माणूस एका मळेवाल्याच्या वाड्यावर जातो आणि फेरीच्या शेवटी त्याच्या हातात रमचा छोटा पेला ठेवला जातो. त्याने काय करावं? मी प्यायलो. चांगली होती. पण तो घोट आणि ती हाडं एकत्र आठवणं हाच इतिहास पाहण्याचा अर्थ आहे असं मला वाटतं, आणि त्या वाड्यावर ते एकत्र आठवण्याची काहीही सोय नव्हती.

वाड्याचं नाव लिहीत नाही, कारण हा एकाच वाड्याचा दोष नव्हे. पाऊण तासाच्या फेरीत मार्गदर्शक मुलीने महोगनीच्या खुर्च्या दाखवल्या, चिनी मातीच्या थाळ्या दाखवल्या, जिन्याचं कोरीवकाम दाखवलं, मालकांच्या लग्नांची आणि कर्जांची वंशावळ तोंडपाठ म्हटली. गुलाम हा शब्द दोनदा आला, नोकर हा शब्द बऱ्याचदा. मी विचारलं की ते लोक राहायचे कुठे? तिने खिडकीतून मागच्या बाजूला हात केला. तिकडे लॉन होतं. मुलगी स्थानिक, कृष्णवर्णीय, हुशार. तिच्या हातात जो मजकूर दिला होता तो ती म्हणत होती. माझी तक्रार तिच्याविरुद्ध नाही. तिला तो मजकूर देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आहे, आणि थोडी आमच्याविरुद्धही, कारण आमच्या गटातल्या वीस जणांपैकी कुणाला तो मजकूर अपुरा वाटल्याचं दिसलं नाही.

वाडे पाहूच नयेत असं मी म्हणत नाही. सेंट निकोलस ॲबी हा 1658 च्या सुमाराचा वाडा जरूर पाहावा. नावात ॲबी असलं तरी तिथे मठ कधीच नव्हता. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत शेकोट्या आहेत, छतावर धुराडी आहेत. विषुववृत्तापासून तेरा अंशांवर, जिथे जानेवारीतही घाम येतो! घराचा नकाशा इंग्लंडच्या हवेसाठीचा, आणि तो जसाच्या तसा इथे उभारला. मालकाला आपण कुठे आहोत हे कळूनच घ्यायचं नव्हतं, याचा इतका विनोदी आणि इतका भयंकर पुरावा दुसरा नाही. बारा महिने विझलेल्या त्या शेकोट्या रचल्या कुणी? दगड कुणी घडवला, तुळया कुणी चढवल्या? मळ्यावरचे गवंडी आणि सुतारही मोठ्या प्रमाणावर गुलामच असत. म्हणून वाडे पाडा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाडा पाडला तर त्या हातांचं उरलेलं कामही जातं.

या टोकाला वाडा पाडणारे असतील, तर दुसऱ्या टोकाला 'जुनं कशाला उकरता' म्हणणारे आहेत. त्यांची संख्या जास्त आहे, म्हणून त्यांच्याशी जरा सविस्तर बोलतो. जुनं म्हणजे किती जुनं? सेंट जॉर्ज भागात ड्रॅक्स हॉल नावाचा वाडा आहे, सेंट निकोलसच्याच काळातला. 1627 मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत आली त्यांत जेम्स ड्रॅक्स होता. 1640 च्या दशकात बेटावर ऊस आणि साखर मोठ्या प्रमाणावर सुरू करणाऱ्यांत तो पुढे होता. वाडा आणि मळा आजही त्याच घराण्याकडे आहे. ब्रिटनने गुलामगिरी संपवली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई म्हणून 2 कोटी पौंड बाजूला काढले, आणि ती मिळाली मालकांना. ड्रॅक्स घराण्याला 1836 मध्ये 189 माणसांबद्दल 4293 पौंड 12 शिलिंग 6 पेन्स. शिलिंग-पेन्सपर्यंत हिशेब चोख. त्या 189 जणांना काहीही नाही. उलट 1834 नंतर आणखी 4 वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबायचं. ही भरपाई देण्यासाठी ब्रिटिश सरकारने जे कर्ज काढलं त्याचा शेवटचा अंश फिटला 2015 मध्ये. म्हणजे ब्रिटनमध्ये जाऊन बस चालवणाऱ्या, इस्पितळात परिचारिका झालेल्या बार्बाडियन लोकांनीही आपल्या करातून आपल्याच खापरपणजोबांच्या मालकाची भरपाई भरली. 2015 हे जुनं आहे का? तुमचा स्मार्टफोन तेव्हा होता.

आणि एप्रिल 2024 मध्ये, आम्ही जायच्या दोनच महिने आधी, बार्बाडोस सरकारने ड्रॅक्स हॉलची 53 एकर जमीन घरबांधणीसाठी विकत घ्यायचं ठरवलं होतं. किंमत सुमारे 30 लाख पौंड, देणार बार्बाडोस, घेणार ड्रॅक्स घराण्याचे आजचे वारस, जे तेव्हा ब्रिटिश संसदेत हुजूर पक्षाचे खासदार होते. लोक खवळले, आणि पंतप्रधान मिया मॉटली यांनी व्यवहार थांबवला. घरांची गरज खरी होती हे मान्य. पण एकदा माणसांसाठी भरपाई, आता जमिनीसाठी किंमत, पावती दोन्ही वेळा एकाच नावाने, हे कुठल्याही स्वाभिमानी लोकांच्या घशाखाली उतरणार नाही. मॉटलींनी थांबवलं हे बरं केलं. माझ्या मते उद्या पर्यटनस्थळ करायचं म्हणून वाडा घ्यायचा विचार पुढे आला, तरी उत्तर हेच असावं.

आता खरा अवघड आक्षेप. रानात पाहायला काही नाही. माणूस एवढा खर्च करून, कितीतरी तास विमानात बसून येतो, क्रूझवरून उतरलेल्याकडे तर उणेपुरे आठ तास असतात, त्याला गवत कसं दाखवायचं?

पण मराठी माणसाने हा आक्षेप घ्यावा? रायगडावर आपण काय पाहतो? चौथरे. सदरेचा चौथरा, राण्यांच्या महालांची जोती, बाजारपेठेच्या दुकानांचे ओटे. लाकूड जळालं, छपरं गेली, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण लहान मुलांना हात धरून नेतो आणि रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवून सांगतो, इथे महाराज बसत. मूल पाहतं, त्याला दिसतं. जोत्यावरून वाडा पाहण्याची ही सवय आपल्या पायांत आहे, जगात फार थोड्या लोकांना ती इतकी पक्की लागलेली असेल. भाच्याला मी तिथेच हे ऐकवलं. तो म्हणाला, "पण मामा, तिथे गोष्ट आधीच माहीत असते." अगदी बरोबर बोलला पोरगा. म्हणजे उणीव रानात नाही, गोष्टीत आहे. गोष्ट सांगायची सोय केली की गवत बोलतं.

शिवाय तिथे काही का उरलं नाही, याचीही गोष्ट आहे. 1838 नंतर मोकळे झालेले लोक मळ्याच्याच जमिनीवर भाडेकरू म्हणून राहिले. मालक कधीही उठवेल, म्हणून घर असं बांधायचं की पटापट सोडवून बैलगाडीत टाकून नेता येईल: लाकडी, छोटं, पाया खणलेला नाही, नुसत्या दगडांवर टेकवलेलं. या घरांना चॅटेल हाउस म्हणतात. चॅटेल म्हणजे जंगम मालमत्ता. बाप कायद्याने जंगम मालमत्ता होता, मुलाचं घर जंगम मालमत्ता झालं. श्रीमंताचं घर जमिनीला धरून राहतं, म्हणून वारसा ठरतं. गरिबाचं घर मुळातच खूण न ठेवण्यासाठी बांधलेलं. आज किनाऱ्यालगत गुलाबी-पिवळ्या रंगांची चॅटेल घरं आहेत, आणि त्यांत टी-शर्ट आणि फ्रिजवर लावायचे मॅग्नेट विकतात.

आमच्या हॉटेलच्या दारात एक भलीमोठी तांब्याची काहिल होती. तीत पाणी भरून कमळासारखी फुलं सोडली होती. लोक तिच्याशेजारी फोटो काढत होते. आमचं गाव कराडकडचं, लहानपणी थंडीत गुऱ्हाळावरच पडीक असायचो, त्यामुळे काहिल म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही. चुलवाणाची धग, वर येणारी मळी, गुळव्याचा हात जरा चुकला तर भाजलेलं कातडं. इथे तर अशा काहिलींची रांग असायची, मोठीपासून लहानीपर्यंत, आणि रस एकीतून दुसरीत ओतत न्यायचा, हंगामभर रात्रंदिवस. चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची अशा नोंदी आहेत. झोपेने पेंगलेल्याचा हात लाटांत सापडला तर माणूस आत ओढला जायच्या आधी हात तोडायला. ती काहिल आता फुलदाणी. मला त्या फुलांचा राग नाही आला. शेजारी दोन ओळींची पाटी नव्हती, याचा आला.

'मळा' या शब्दाचंही तेच. आपल्याकडे मळा म्हटलं की विहीर, मोट, आंब्याची सावली. उसाचा मळा, चहाचा मळा, असं लिहिताना आपण नकळत त्या व्यवस्थेला सावलीत बसवतो. पण दुसरा शब्दही नाही. लिहिताना खटकत राहिलं, एवढंच नोंदवतो.

आता आपण कोण सांगणारे, हा प्रश्न राहतो. 1661 मध्ये बार्बाडोसच्या विधिमंडळाने गुलामांसंबंधीचा कायदा केला. शिक्षा देताना गुलाम मेला तर मालकाला काही नाही. मुद्दाम मारला तरी फक्त दंड, आणि तो साखरेत मोजलेला. जमैकाने आणि अमेरिकेतल्या कॅरोलायनाने पुढे हाच नमुना उचलला. त्याच वर्षी, त्याच राजाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी त्याला मुंबई आंदण दिली. एकाच टेबलावरचे कागद होते हे. आणि ऊस तोडणाऱ्यांबद्दल गप्प राहणं आम्हालाही चांगलं जमतं. बीडकडून कोयता घेऊन उचल घेतलेली जोडपी दरवर्षी कारखान्यांकडे निघतात, पालांत राहतात, हंगाम संपला की पालं उठतात, मागे काही उरत नाही. ती गुलामगिरी नव्हे, दोन्ही एका मापाने मोजणं चूक आहे. पण शंभर वर्षांनी कुणी साखरेचा वारसा दाखवायला निघालं, तर कारखान्याची चिमणी आणि अध्यक्षांचा बंगला दाखवेल, पालाची जागा दाखवणार नाही, एवढं मी आजच सांगतो. म्हणून न्यूटनबद्दल मी शिकवायच्या भूमिकेतून बोलत नाही. सवय ओळखीची आहे म्हणून बोलतो.

बार्बाडोस काही करत नाहीये असंही नाही. 1813 पासून राजधानी ब्रिजटाउनच्या चौकात उभा असलेला ब्रिटिश आरमारी सेनानी नेल्सनचा पुतळा नोव्हेंबर 2020 मध्ये उतरवला, वर्षभराने 30 नोव्हेंबर 2021 ला देश प्रजासत्ताक झाला. न्यूटनवर 570 लाकडी खांबांचं, माथ्यावर पितळी चकत्या असलेलं स्मारक उभारायची योजनाही त्याच सुमारास जाहीर झाली. योजना सुंदर आहे. पण मला स्मारकाच्या आधी दोन साध्या गोष्टी हव्याशा वाटतात. तिथे रोज एक माणूस असावा, जो माळेची गोष्ट सांगेल. आणि नावं. रानात नावं नाहीत, कागदांत आहेत. न्यूटन मळ्याची कागदपत्रं लंडनच्या विद्यापीठात आहेत. त्यांत ओल्ड डॉल नावाची बाई भेटते, अठराव्या शतकाच्या शेवटी मालकाच्या घरचा कारभार पाहणारी, आपल्या मुलींना शेतात राबावं लागू नये म्हणून आयुष्यभर डोकं लढवणारी. तिच्या घराची गोष्ट अभ्यासकांनी लिहिली आहे, पण पर्यटकाच्या नकाशावर ती कुठे नाही. त्याच नकाशावर जॉर्ज वॉशिंग्टन हाउस मात्र ठळक आहे. वॉशिंग्टन 1751 मध्ये, 19 वर्षांचा असताना, आजारी भावाबरोबर दोनेक महिने बेटावर राहिला, त्याला देवी आल्या आणि तो परत गेला. दोन महिन्यांच्या पाहुण्याला अख्खं घर.

आणि कागद तरी किती टिकणार? 18 जून 2024 ला ब्लॅक रॉक इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या एका इमारतीला आग लागली. आम्ही पोचलो तेव्हा ती बातमी ताजी होती, पण सामन्याच्या गदारोळात टॅक्सीवाल्याशिवाय कुणी तिचा विषय काढला नाही. त्याची आजी गेल्यावर तो तिथे जाऊन तिच्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला शोधून आला होता. तो कागद जळाला की वाचला, हे त्याला माहीत नव्हतं. वाड्याच्या तिकिटातला एक हिस्सा कायद्याने या कागदांसाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? रमचा पेला त्यातून सुटतो, तर कागदाची पेटीही सुटेल.

बुसाचा पुतळाही पाहिला, म्हणजे गाडीतून. 14 एप्रिल 1816, ईस्टरचा रविवार, त्या रात्री बेटावरचा सर्वांत मोठा उठाव झाला, त्याचा पुढारी बुसा. 1985 मध्ये उभारलेला हा पुतळा तुटलेल्या साखळ्या घेऊन हात वर करून उभा आहे, मोठ्या रस्त्यावरच्या वाहतूक चौकाच्या मधोमध. गाड्या सतत फिरत असतात, थांबायला जागा नाही. आम्ही दोन चकरा मारल्या, दोन्ही वेळा पाठीचाच फोटो आला. टॅक्सीवाला हसला. मग मागे वळून म्हणाला, तुमच्या कप्तानाला आमच्या ग्रिफिथने इथेच पाडलं होतं, आणि आमच्या वॉरेलने रक्त दिलं. 1962, नरी काँट्रॅक्टर, ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला होता. रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते, हे मी त्याला सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. वेस्ट इंडीजचा तेव्हाचा कप्तान फ्रँक वॉरेलचा चेहरा त्यांच्या 5 डॉलरच्या नोटेवर आहे, ती त्याने काढून दाखवली.

विजयाच्या दुसऱ्या दिवशी बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाला. टीम अडकली, तसे आम्हीही. वादळ दक्षिणेकडून गेलं, तरी मच्छीमारांच्या बोटी फुटल्या. दिवसभर खोलीत बसून मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकत होतो. ओव्हल, शेकोटीवाला वाडा, काहिलीतली फुलं; सगळ्यांना भराभर अंगठे आले. मग न्यूटनचा टाकला. नुसतं गवत आणि कडेला ऊस. बराच वेळ काहीच आलं नाही. शेवटी ताईने विचारलं, "कुणाचं शेत रे हे?"

'न्यूटन नावाच्या एका इंग्रजाचं होतं,' असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. मग तिला फोनच लावला, आणि कवड्यांच्या माळेपासून सुरुवात केली.